गाई-म्हशींची पैदास आणि आनुवंशिकता : मुंबईकर वारंवार विचारतात ते प्रश्न

मी पशुवैद्यक आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि तेव्हापासून गोरेगाव-जोगेश्वरीचे तबेले आणि मुरबाड, शहापूर, कर्जतकडचे गोठे असं माझं फिरणं चालू आहे. मला विचारणारे तीन प्रकारचे असतात. तबेलेवाले, नोकरी मुंबईत पण गावी दोन-चार जनावरं असलेले, आणि अलीकडे कर्जत-मुरबाडला जमीन घेऊन गोठा बांधायला निघालेले. आजाराचे प्रश्न वेळेवर येतात. पैदाशीचा प्रश्न मात्र बहुतेकदा जनावर हातचं गेल्यावर येतो, आणि तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. म्हणून ही उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. यातलं बरंच शास्त्र परदेशात मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या कळपांवर उभं राहिलं, कारण तिथे प्रत्येक वासराचं वजन आणि बाप लिहून ठेवायची पद्धत पडली. आपल्या दुभत्या जनावरांना नियम तेच लागू होतात.

वासरू आईवर जातं की बापावर?

दोघांवर, निम्मं-निम्मं. गाईच्या प्रत्येक पेशीत ६० गुणसूत्रं असतात, म्हणजे ३० जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक वासराला गाईकडून मिळतं आणि एक वळूकडून. जोडीतलं कोणतं जाईल हे कोणाच्याच हातात नसतं. त्यामुळे एकाच गाईच्या, एकाच वळूपासून झालेल्या दोन कालवडींत एक भरपूर दूध देते आणि दुसरी जेमतेम वासराचं पोट भरते, असं होऊ शकतं.

नर की मादी, हे मात्र वळूच्या बीजावर ठरतं. "हिला सारखे गोऱ्हेच होतात" म्हणून चांगली गाय बाजारात विकलेली मी पाहिली आहे. त्यात त्या गाईचा काहीही दोष नव्हता.

निम्मं-निम्मं असेल तर सगळे वळूवरच जोर का देतात?

संख्येमुळे. गाय जन्मभरात सहा-आठ वेळा विते. गावातला वळू वर्षाला पन्नास-साठ गाई फळवतो, आणि गोठवलेल्या वीर्याचा वळू वर्षाला हजारो. गाय चुकली तर एका दावणीचं नुकसान होतं. वळू चुकला तर पंचक्रोशीतल्या पुढच्या पिढीचं.

अमेरिकेतल्या ब्राह्मन गाईचं उदाहरण मला फार आवडतं. ही जात आपल्या कांकरेज, ओंगोल, गीर आणि कृष्णा खोऱ्यातल्या गुरांपासून तिकडे तयार झाली. १८५४ ते १९२६ या काळात अमेरिकेत पोचलेल्या या वशिंडाच्या गुरांची संख्या तीनशेच्या आतच होती. त्यात वळू होते २६६ आणि माद्या फक्त २२. बावीस माद्यांतून एवढी मोठी जात कशी उभी राहणार? ती वळूंनी उभी केली. तिथल्या स्थानिक गाईंना हे वळू लावले, झालेल्या कालवडींना पुन्हा असेच वळू लावले. पहिल्या पिढीत ५० टक्के रक्त, दुसरीत ७५, तिसरीत ८७.५, चौथीत जवळजवळ ९४. याला श्रेणीवाढ म्हणतात. गावठी म्हशीला पिढ्यानपिढ्या मुऱ्हा जातीच्या रेड्याचं वीर्य देत गेलात तर तुम्हीही हेच करत असता. फक्त धीर हवा. म्हशीची वगार, म्हणजे मादी पिल्लू, पहिल्यांदा विते तीच साडेतीन-चार वर्षांची होऊन, म्हणजे चार पिढ्यांना पंधरा-सोळा वर्षं लागतात.

काळ्या गाईला तांबडं वासरू झालं. कृत्रिम रेतन करणाऱ्याने वीर्य बदललं का?

तेवढ्यावरून आरोप करू नका. रंग आणि शिंगं ही मेंडेलच्या वाटाण्यासारखी चालतात. मांसासाठी पाळली जाणारी अँगस जात घ्या. तिच्यात काळा रंग प्रभावी आणि तांबडा अप्रभावी. काळ्या दिसणाऱ्या गाईच्या आणि काळ्या दिसणाऱ्या वळूच्या पोटात तांबड्याचं एकेक जनुक लपलेलं असेल, तर चारांत एक वासरू तांबडं निघायची शक्यता असते. शॉर्टहॉर्न जातीत गंमत वेगळी आहे. तांबडा आणि पांढरा एकत्र आले की कोणीच कोणाला झाकत नाही, तांबड्या-पांढऱ्या केसांची सरमिसळ असलेलं वासरू होतं. बिनशिंगी असणं हे शिंगं असण्यावर प्रभावी असतं, त्यामुळे बिनशिंग्या वळूची वासरं बहुधा बिनशिंगी निघतात.

हे लपलेलं जनुक नीट समजून घ्या. रंग लपला तर काही बिघडत नाही, पण जीवघेणे दोषसुद्धा असेच लपून येतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

माझी म्हैस १२ लिटर देते. तिची वगार १२ लिटर देईल ना?

बहुतेक नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा थांबून सांगतो.

दूध हे रंगासारखं एका जनुकावर ठरत नाही. शेकडो जनुकं थोडा-थोडा हातभार लावतात, आणि त्यांच्यावर चारा, पेंड, पाणी, उकाडा, गवळ्याचा हात, वेत कितवं, हे सगळं चढतं. जनावरा-जनावरांतल्या फरकापैकी जेवढा भाग रक्तातून आलेला असतो त्याला आनुवंशिकता म्हणतात. दुधाच्या बाबतीत ती साधारण २५ ते ३० टक्के असते. दुधातल्या फॅटच्या टक्क्याची बरीच जास्त, ५० टक्क्यांच्या आसपास. मांसाच्या गाईंत वासराच्या दूध तोडतानाच्या वजनाची साधारण २५, वर्षाच्या वजनाची ४०. आणि वेळेवर गाभण राहण्याची? जेमतेम ५ ते १० टक्के.

आता हिशोब करू. तबेल्याची सरासरी रोज ८ लिटर आणि तुमची म्हैस १२. फरक ४ लिटर. त्याचे २५ टक्के म्हणजे १ लिटर, एवढंच तिच्या रक्तातलं. बाकीचे ३ लिटर तुमची पेंड, तुमची निगा आणि थोडं नशीब. त्या १ लिटरपैकी निम्मं वगारीला मिळणार. बाप सामान्य असेल तर वगार तुमच्याच तबेल्यात सरासरी साडेआठ लिटरवर यायची. आता याच म्हशीला असा रेडा लावा की ज्याच्या मुली इतरांपेक्षा रोज १ लिटर जास्त देतात, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. ते १ लिटर पूर्ण धरायचं, कारण ते मुलींमध्येच मोजलं आहे. वगारीची अपेक्षा साडेनऊवर जाते. म्हणजे म्हशीच्या चार लिटरांनी जेवढं दिलं, त्याच्या दुप्पट रेड्याच्या एका लिटरने दिलं.

हा हिशोब मी तबेल्याच्या भिंतीवर खडूने मांडून दाखवतो. साडेआठ ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि मग तो रेड्याबद्दल पहिल्यांदा नीट विचारायला लागतो.

गाभण न राहणाऱ्या गाईची आनुवंशिकता एवढी कमी, तर तिला ठेवावं?

आधी तिच्या खाण्याकडे आणि माज ओळखण्याकडे बघा. गाईला साधारण २१ दिवसांनी माज येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर फारच. ती ओरडत नाही. पहाटे आणि रात्री उशिरा सोट, म्हणजे माजाच्या वेळी येणारा चिकट स्राव, बघायला लागतो. चुकलेले माज रक्ताच्या माथी मारू नका.

वळू दूध देत नाही. मग त्याचं दूध मोजायचं कसं?

त्याच्या मुलींवरून. पुष्कळ गोठ्यांतल्या मुलींचं दूध, त्याच गोठ्यांतल्या इतर वळूंच्या मुलींच्या दुधाशी ताडून बघायचं. याला संततीपरीक्षण म्हणतात. शास्त्र पक्कं आहे, पण वेळ खातं. वळूचं वीर्य वापरा, कालवड होऊ द्या, ती वाढवा, फळवा, व्याली की वर्षभर दूध मोजा. तोवर वळू म्हातारा झालेला असतो. मांसाच्या गाईंत हे सोपं पडतं, कारण वजन नर-मादी दोघांचंही मोजता येतं आणि तेही वर्षा-दीड वर्षाच्या आत. म्हणून तिथे वळू विकताना त्याच्या वासरांचं जन्माचं वजन, दूध तोडतानाचं वजन, वर्षाचं वजन सरासरीपेक्षा किती जास्त-कमी अपेक्षित, याचे आकडे छापूनच येतात.

दुसरी वाट जनुकीय चाचणीची. रक्ताचा किंवा केसाच्या मुळाचा नमुना घेऊन हजारो ठिकाणी जनुकं वाचायची आणि आधीच नोंदी असलेल्या जनावरांशी ताडायची. अमेरिकेत होल्स्टिन या दुधाळ जातीसाठी २००९ पासून हे अधिकृतपणे सुरू आहे. आपल्याकडे गाईंसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला जाहीर झाल्या. मला यातून फार आशा आहे, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. चिप ज्या नोंदींशी ताडून बघते, त्या नोंदी गोठ्यांतूनच यायच्या आहेत. दूध कोणी मोजलंच नसेल तर ताडणार कशाशी?

तुम्ही-आम्ही काय करायचं? प्रमाणित केंद्राचंच वीर्य घ्या, आणि रेतन करणाऱ्याला वळूच्या आईचं एका वेतातलं दूध विचारा. त्याला सांगता येत नसेल तर दुसऱ्याला बोलवा. शिंगं, रंग आणि वशिंडाचा डौल बघून वळू ठरवायचा काळ गेला.

एकच वळू वर्षानुवर्षं वापरला तर काय बिघडतं?

गावचा वळू तीन वर्षं टिकला की त्याच्याच मुली त्याच्यासमोर माजावर येतात. तिथून सगोत्र पैदास सुरू होते. बाप-लेकीच्या वासरात अंतःप्रजनन २५ टक्के, सख्ख्या बहीण-भावाचंही तेवढंच. बाप एकच पण आया वेगळ्या असतील तर १२.५ टक्के, आजोबा-नातीचंही १२.५. चुलत भावंडांचं ६.२५. एवढ्या टक्के जनुक-जोड्यांत दोन्ही बाजूंना एकाच पूर्वजाची हुबेहूब नक्कल येते, असा त्याचा अर्थ. मग लपलेला दोष समोर येतो. त्याहून जास्त नुकसान हळूहळू होतं. वासरं किरकोळ जन्मतात, जगण्याचं प्रमाण घटतं, गाई उलटायला लागतात (गाभण न राहता पुन्हा माजावर येतात), दूध कमी होतं. गाभण राहणं आणि वासरू जगणं यांची आनुवंशिकता कमी आहे हे वर सांगितलं. सगोत्र पैदाशीचा फटका नेमका याच गुणांना सगळ्यात जोराचा बसतो.

मग इंग्लंडच्या रॉबर्ट बेकवेलने अठराव्या शतकात नात्यातच पैदास करून लाँगहॉर्न गाई नावारूपाला आणल्या त्या कशा? त्याने नात्यात पैदास केली आणि वाईट निघालेलं निर्दयपणे बाजूला काढलं. त्याच्याकडे जनावरं भरपूर होती. चार गाईंच्या गोठ्याने हे करू नये. एखाद्या असामान्य वळूचं रक्त टिकवायचं म्हणून लांबच्या नात्यात जोड्या लावणं, म्हणजे वंशरेषा धरून पैदास करणं, हेसुद्धा नोंदी पक्क्या असतील तरच.

लपलेल्या दोषाचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या हेरफर्ड जातीचं आहे. १९४०-५० च्या दशकांत तिथे आखूड, ठेंगण्या, गुटगुटीत वळूंची हौस होती. बुटकेपणाचं अप्रभावी जनुक एका बाजूने असलं की जनावर किंचित आखूड, भरीव दिसायचं, आणि प्रदर्शनात तेच डोळ्यांत भरायचं. लोक नेमके तेच वळू निवडत गेले. मग दोन्ही बाजूंनी जनुक आलं आणि धाप लागणारी, फुगलेल्या पोटाची खुरटी वासरं जन्माला यायला लागली. डोळ्याने निवडताना दोषच निवडला गेला. आज होल्स्टिन वळूंचं वीर्य वापरात येण्याआधी अशा काही लपलेल्या दोषांची तपासणी होते, ती या अनुभवांतूनच आली.

संकरित गाय पहिल्या पिढीत चांगली निघाली, पुढच्या पिढीत बिघडली. का?

दोन लांबच्या जाती एकत्र आल्या की वासरू दोघांच्या सरासरीपेक्षा वर निघतं. याला संकरजोम म्हणतात. एका जातीचा लपलेला दोष दुसरी जात झाकते, असा त्याचा साधा अर्थ. वशिंडाची आपली गाय आणि बिनवशिंडाची परदेशी गाय एकमेकींपासून फार लांबच्या, म्हणून त्यांच्या पहिल्या संकरात जोम सर्वांत जास्त. तो १०० धरा. आता संकरित कालवडीला संकरितच वळू लावला तर पुढच्या पिढीत जोम निम्मा, ५०. मूळच्या एका जातीचा वळू लावला तरी ५०. लोकांना वाटतं गाय 'उतरली'. ती उतरलेली नसते, पहिल्या पिढीचं उसनं बळ संपलेलं असतं.

मांसाच्या गाईंच्या कळपांत यावर उपाय शोधला आहे. दोन जातींचे वळू पिढीआड फिरवत राहिलं तर जोम ६७ टक्क्यांवर स्थिरावतो, तीन जाती फिरवल्या तर ८६ वर. शिवाय पक्क्या मिश्र जाती बांधल्या. टेक्सासची सांता गेर्ट्रुडिस म्हणजे पाच-अष्टमांश शॉर्टहॉर्न आणि तीन-अष्टमांश ब्राह्मन. ब्रँगसमध्ये तेच प्रमाण, शॉर्टहॉर्नऐवजी अँगस. उन्हाचा आणि गोचिडांचा मारा सोसायला आपल्या वशिंडाच्या गाईचं रक्त, आणि मांसाला इंग्लिश गाईचं.

तुमच्या गोठ्यासाठी माझा सल्ला: परदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. कर्जतच्या दमट उन्हात होल्स्टिनचं रक्त ७५-८७ वर गेलेल्या गाई दुपारी जिभा बाहेर काढून धापा टाकताना मी दर मे महिन्यात बघतो. आणि इगतपुरी-अकोले भागातल्या डांगी गाईला कमी लेखू नका. तिची कातडी तेलकट, धो-धो पावसात ती चिखलात दिवसभर उभी राहते. दुधाला कमी, हे खरं. पण ज्या मातीत बाकीच्या गाई आजारी पडतात तिथे ती टिकते, आणि ते तिच्या रक्तात आहे.

छोट्या गाईला मोठ्या जातीचं वीर्य दिलं तर वासरू मोठं, दूध जास्त. काय हरकत आहे?

मुरबाडकडची एक रात्र सांगतो. पहिलारू डांगी कालवड, अंगाने लहान. तिला कोणीतरी दांडग्या होल्स्टिन वळूचं वीर्य दिलेलं. रात्री अकराला फोन आला, मी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. वासराचे पुढचे पाय बाहेर, डोकं आत अडकलेलं, जीभ निळी. दोराने, तेलाने, हाताने जे-जे करता येतं ते केलं. तीनच्या सुमारास वासरू निघालं, मेलेलं. कालवड वाचली, पण तिला उभं राहायला चार दिवस लागले. मालकाची बायको तिच्याजवळ कंदील धरून बसलेली, एक शब्द बोलली नाही. मी वळूचा नंबर विचारला, तर तो कुणीच लिहून ठेवलेला नव्हता. त्याच वळूचं वीर्य त्या हंगामात आणखी कुठल्या लहान कालवडींना गेलं, हे शोधायची सोयच उरली नाही.

जन्माच्या वजनाची आनुवंशिकता बऱ्यापैकी असते, साधारण ३५ ते ४५ टक्के. म्हणून पहिलारू कालवडीला नेहमी जन्मवजन कमी देणारा, सुलभ वीत असलेला वळू निवडायचा. संकरच करायचा असेल तर जर्सीसारखी लहान चणीची जात बरी. बेल्जियन ब्लू या मांसाच्या जातीत एका जनुकातल्या बिघाडामुळे स्नायू दुप्पट भरतात, आणि त्यापायी तिथल्या गाईंचं बाळंतपण सर्रास पोट फाडून करावं लागतं. मोठं म्हणजे चांगलं, असं पैदाशीत धरून चालत नाही.

मांसाच्या गाईंत 'शेवटचा संकर' म्हणतात तो काय?

आया मध्यम अंगाच्या, कमी खाणाऱ्या, जपून वासरू वाढवणाऱ्या ठेवायच्या. त्यांना भरघोस वाढीचा मोठ्या जातीचा वळू लावायचा आणि झालेली सगळी वासरं विकायची, एकही पैदाशीला ठेवायचं नाही. नव्या आया दुसऱ्या कळपातून आणायच्या. आईचे गुण वेगळे आणि बापाचे वेगळे, दोन्ही जिथल्या तिथे वापरायचे.

महाराष्ट्रात मांसासाठी गोवंश पाळता येतो का?

नाही. १९७६ च्या कायद्यातल्या कत्तलबंदीत गाय होतीच. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने वळू आणि बैलही आले. म्हशी-रेड्यांच्या कत्तलीला तपासणी आणि प्रमाणपत्रानंतर परवानगी असते. देवनारच्या कत्तलखान्यात जातात त्या म्हशी अशा.

गाय आणि रेडा यांचा संकर होतो?

होत नाही. गाईची गुणसूत्रं ६०, आपल्या म्हशीची ५०. त्यातून वासरू होत नाही.

तबेल्यात पैदाशीचा काय संबंध? आम्ही म्हैस आणतो, दूध काढतो.

हाच खरा संबंध आहे. ही गोष्ट मला आतून टोचते, म्हणून लांबण लावतो.

मुंबईच्या तबेल्यात येणारी म्हैस साधीसुधी नसते. हरियाणातली मुऱ्हा, गुजरातची जाफराबादी किंवा मेहसाणा, नुकतीच व्यालेली, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, आणि गावात सगळ्यात जास्त दूध देणारी. व्यापारी तिलाच बोली लावतो, कारण मुंबईत जागा, चारा, पाणी सगळं महाग, कमी दुधाची म्हैस परवडत नाही. गाडीतून उतरताना तिच्या पायाशी रेडकू असतं. पहिले काही दिवस पान्ह्यासाठी ते लागतं, पुढे त्याला पोटभर दूध मिळत नाही. कोपऱ्यात आखूड दाव्याला बांधलेलं, डोळ्यांवर माश्या, बरगड्या मोजता येतील असं रेडकू मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्याची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. त्यातली बरीचशी महिना-दोन महिन्यांत जातात. म्हैस आठ-दहा महिने दूध देते. तिला गाभण घालवायची कोणाला घाई नसते, कारण भाकड काळात तिला मुंबईत पोसायचं म्हणजे रोजचा तोटा. दूध चार लिटरवर आलं की ती विकली जाते, आणि अनेकदा ती वाट देवनारला जाते.

आता पैदाशीच्या डोळ्याने बघा. निवड म्हणजे चांगल्याची संतती जास्त राहणं. इथे गावातली सर्वांत चांगली म्हैस निवडली गेली आणि तिची एकही मुलगी मागे राहिली नाही. तिच्या गावात मागे राहिली ती कमी दुधाची म्हैस, आणि तिच्या वगारी वाढल्या. दर वर्षी, गाडीमागे गाडी. आपण इथे उलटी निवड करतो आहोत.

हे आजचं नाही. १९४९ साली गोरेगावला आरे दुग्धवसाहत उभी राहिली ती शहरातल्या कोंदट तबेल्यांतली जनावरं बाहेर मोकळ्यावर नेण्यासाठी. जागा मोकळी झाली, पण चांगली म्हैस एका वेतावर संपवायची रीत राहिली.

काय करता येईल? माझ्या ओळखीच्या काही तबेलेवाल्यांनी सुरू केलं आहे ते सांगतो. म्हैस आली की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माज बघून चांगल्या मुऱ्हा रेड्याचं वीर्य द्यायचं. दूध आटेपर्यंत ती पाच-सहा महिन्यांची गाभण असते. मग तिला विकायचं नाही, पालघर-वाड्याकडे ओळखीच्या शेतकऱ्याकडे भाकड काळापुरती ठेवायची, चाऱ्याचा खर्च ठरवून. म्हशीचा गर्भकाळ साधारण ३१० दिवसांचा. व्याली की परत आणायची. वगार शेतकऱ्याकडेच राहते आणि वाढते. एका तबेलेवाल्याने मला आकडा सांगितला नाही, पण नवी म्हैस घेण्यापेक्षा स्वस्त पडतं म्हणाला, आणि तो आजवर तोट्याचं काही करताना मी पाहिलेला नाही.

जुळं झालं, एक कालवड आणि एक गोऱ्हा. कालवड ठेवू का?

दुभत्यासाठी नको. पोटात दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि नराच्या रक्तातले घटक मादीच्या जननेंद्रियांची वाढ बिघडवतात. अशा दहांतल्या नऊहून जास्त कालवडी वांझ निघतात. तीन वर्षं पोसून मग समजण्यापेक्षा लहानपणीच तपासून घ्या, तपासणी पाच मिनिटांची आहे. दोन्ही कालवडी असतील तर काळजी नाही.

मादीच होईल असं वीर्य मिळतं म्हणे. घ्यावं का?

मिळतं, आणि दहांत नऊ वेळा मादी होते. मात्र अशा वीर्याच्या कांडीत (बारीक नळीत) शुक्रजंतू नेहमीच्या मानाने फार कमी असतात, त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण थोडं उतरतं. निरोगी, वेळेवर माजावर येणाऱ्या जनावराला द्या, उलटणाऱ्याला नको. आणि मादी हवी म्हणून वळूच्या आईचं दूध विचारायचं विसरू नका. सामान्य वळूच्या दहा कालवडी झाल्या तरी त्या सामान्यच राहतात.

वहीत नेमकं काय लिहायचं?

वीर्यकांडी नत्रपात्रातून (द्रवरूप नत्रवायूच्या भांड्यातून) काढून ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवतात आणि पुसतात. त्या वेळी कांडीवरची बारीक छपाई दिसते: वळूचा नंबर, जात, केंद्र, तारीख. कांडी रिकामी झाली की टाकून देतात. ती मागून घ्या आणि छपाई आधी उतरवून ठेवा. मग जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, माजाची आणि रेतनाची तारीख, व्याल्याची तारीख, नर की मादी, वीत सुलभ की ओढावं लागलं. महिन्यातून एक दिवस दोन्ही वेळचं दूध मोजून लिहा. एवढंच.

जोगेश्वरीच्या एका गवळ्याकडे अशी वही आहे. रेक्झिनचं फाटकं कव्हर, पानांना शेणाचे डाग, मध्ये दुधाच्या उधारीचेही हिशोब. पण त्यात एकाच म्हशीची लेक आणि नात, तिघींचं दूध आणि दोन्ही रेड्यांचे नंबर आहेत. मागच्या पावसाळ्यात त्याने ते पान माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "डॉक्टर, नातीला हाच रेडा परत चालेल का?" रेड्याचा नंबर बघितला. तो नातीचा बापच होता. दुसरा निवडून दिला, आणि त्याने माझ्यासमोरच तो नंबर त्या ओळीपुढे लिहिला.